कमरेतून सुटलेला जुना जी.आय.जो पुन्हा उभा कसा करावा

माळ्यावरच्या डब्यातून जुना जी.आय.जो, म्हणजे बोटभर उंचीचा सांधे हलणारा खेळण्यातला सैनिक, बाहेर काढावा आणि हातात घेताक्षणी त्याचे दोन्ही पाय, कमरेचा तुकडा आणि एक गंजलेला धातूचा आकडा (हुक) तळहातावर गळून पडावा, हा प्रकार 1980 आणि 1990 च्या दशकांत वाढलेल्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. असा जी.आय.जो मोडीत काढण्याची घाई करू नये. शंभरातल्या नव्वद वेळा त्याचे प्लास्टिक शाबूत असते, आणि गेलेली असते ती केवळ पोटातली काळी रबरी ओ-रिंग, म्हणजे रबराचे गोल कडे, जी हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांत मिळते. ती बदलण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे, परंतु त्यातला एक टप्पा नवख्या माणसाला रडकुंडीला आणतो. या लेखातील बराचसा मजकूर त्या एका टप्प्याविषयी आहे.

प्रथम आपल्या हातात नेमके काय आहे ते पाहावे. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने 1982 साली अमेरिकेत बाजारात आणलेली पावणेचार इंची, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंचीची जी.आय.जो मालिका या रिंगेवर उभी होती. आपल्याकडे एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून 1987 साली फनस्कूल स्थापन केली, तिचा कारखाना गोव्यात होता, आणि अमेरिकेतली मालिका 1994 साली थांबल्यानंतरही भारतात त्याच साच्यांमधून, बरेचदा वेगळ्या रंगांत, फिगर निघत राहिल्या. नावाला हे सैनिक असले तरी त्यांचे जग विज्ञानकथेचेच होते. 1986 चा बॅट हा हाताच्या जागी शस्त्रे बसवता येणारा यंत्रसैनिक होता, सर्पेंटर हा इतिहासातल्या सेनानींच्या डीएनएपासून प्रयोगशाळेत घडवलेला सम्राट होता, आणि डेस्ट्रोचे डोके पोलादी मुखवट्याचे होते. वेष्टनाच्या पुठ्ठ्यामागे छापलेली त्यांची ओळखपत्रे मुळात कॉमिक्सलेखक लॅरी हामा यांनी लिहिलेली असत, आणि त्या चार-पाच ओळी वाचून कित्येक मुलांनी दुपारच्या दुपारी लढाया रचल्या. ज्यांनी ती ओळखपत्रे कात्रीने कापून वहीत ठेवली, त्यांना आता त्यांची किंमत कळत असेल.

पुढील पद्धत ही-मॅनसाठी नाही. मॅटेलच्या त्या साडेपाच इंची फिगरच्या पायांतही रबर असते, पण तिचे धड कायमचे चिकटवलेले असते. केनरच्या स्टार वॉर्स फिगरच्या धडाचेही तसेच आहे. पाठीत मधोमध स्क्रू दिसला तरच पुढे वाचावे.

साहित्य

लहान तोंडाचा स्टार स्क्रूड्रायव्हर, बोथट टोकाचा चिमटा, वीतभर शिवणदोरा, मऊ टूथब्रश, भांड्यांचा सौम्य साबण आणि कडा वर असलेले ताट इतके पुरते. ताट यासाठी, की निसटलेला आकडा कोठे जातो ते आजवर कोणालाही सापडलेले नाही.

रिंग मात्र विचारपूर्वक घ्यावी. आतला व्यास दहा ते अकरा मिलिमीटर आणि जाडी साधारण अडीच मिलिमीटर, हे माप बहुतेक फिगरना चालते. जुन्या रिंगेचा तुकडा शिल्लक असेल तर तो जाडी ताडून पाहण्यापुरता सोबत न्यावा. लांबीसाठी त्यावर विसंबू नये, कारण ताणून ताणून तो वाढलेला असतो. मुंबईत नागदेवी रस्त्यावर आणि इतर शहरांत बेअरिंग, पंप किंवा ऑइल सीलच्या दुकानात नायट्राइल या कृत्रिम रबराची काळी ओ-रिंग सहज मिळते. तेथे डझनभर रिंगा घ्याव्यात, आणि त्याबरोबर एक माप लहान अशाही थोड्या घ्याव्यात. प्रत्येक साच्याचे धड थोडे वेगळे असते, त्यामुळे एकाला घट्ट बसणारी रिंग दुसऱ्याला ढिली होते.

कार्यालयात वापरतात तो रबरबँड दुहेरी करून घालावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. नैसर्गिक रबर ताणलेल्या अवस्थेत हवेतल्या ओझोनने तडकते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चिकट होते आणि वर्षभरात त्याचा डांबरासारखा लगदा छातीच्या आतल्या भिंतींना चिकटून बसतो. केसांना लावायच्या इलॅस्टिकची कथा याहून बरी नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे नावही काढू नये. त्याने सांधा कायमचा जखडतो, आणि त्याच्या वाफेचा पांढुरका थर रंगावर बसतो, तो पुन्हा निघत नाही.

उघडणे आणि धुणे

स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर उभा धरून जोराने दाबावा आणि सावकाश फिरवावा. दाब अधिक, फिरवणे कमी, हे प्रमाण पाळले तर खाचा झिजत नाहीत. समुद्रकाठच्या घरांतले स्क्रू गंजून धरलेले असतात. अशा स्क्रूवर सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबावे. घाई करून खाचा उडवल्या तर पुढे ड्रिलशिवाय गत्यंतर नाही, आणि पावणेचार इंची पाठीवर ड्रिल चालवणे हे धाडसाचे नव्हे, अविचाराचे काम आहे.

उघडल्यावर डोके, दोन हात, छातीचे दोन अर्धे भाग, कमरेचा तुकडा, दोन पाय आणि टी आकाराचा धातूचा आकडा असे भाग सुटे होतात. बंद करण्यापूर्वी एक छायाचित्र काढून ठेवावे. प्लास्टिकचे भाग कोमट पाण्यात साबणाने घासून धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. चिकटवलेले स्टिकर असलेला भाग पाण्यात बुडवू नये. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना या टेबलाजवळ फिरकू देऊ नये. आकड्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा. गंजाची खरबरीत धार राहिली तर ती नव्या रिंगेला कापते.

रिंग बसवणे

हा तो टप्पा. येथे एकाच वेळी डोके, दोन हात, कंबर, दोन पाय आणि ताणलेले रबर जागेवर धरायचे असते, आणि माणसाला हात दोनच असतात. सुरुवातीला मलाही हे जमत नसे. एक हात बसवला की दुसरा निसटे, तो बसवेपर्यंत डोके घरंगळे. पुढे लक्षात आले की अडचण बोटांच्या कौशल्याची नव्हती, क्रमाची होती. बहुतेक जण छातीत रिंग अडकवून मग खाली पाय जोडू पाहतात. हा क्रम उलटा करावा, म्हणजे पाय आधी आणि छाती शेवटी.

नव्या रिंगेत प्रथम शिवणदोरा ओवावा आणि त्याची दोन्ही टोके एकत्र मोकळी ठेवावीत. गाठ मारू नये. मग रिंग कमरेच्या तुकड्याच्या मधल्या भोकातून वरून खाली अशी ढकलावी, की दोरा वर राहील आणि रिंगेचा फासा खाली डोकावेल. तो फासा चिमट्याने पकडून आकड्यात अडकवावा. आकड्याच्या आडव्या दांडीची दोन टोके मांड्यांच्या आतल्या भोकांत बसवावीत. या क्षणी उजवा पाय उजवीकडे आहे ना, गुडघे आणि पावले पुढे आहेत ना, हे पाहून घ्यावे. हे तपासायला दोन सेकंद लागतात. विसरले तर सगळे पुन्हा उघडावे लागते. आता दोऱ्याची दोन्ही टोके हळूहळू वर ओढावीत. मांड्यांचे गोल माथे कमरेच्या वाट्यांमध्ये आपोआप जाऊन बसतात आणि खालचा अर्धा जी.आय.जो तयार होतो.

यानंतर छातीच्या दोन भागांपैकी ज्याच्या आतली स्क्रूची खुंटी अधिक उंच असेल तो भाग घडी घातलेल्या टॉवेलवर, पोकळ बाजू वर करून ठेवावा. टॉवेलमुळे तो डुगडुगत नाही. त्यातच दोन्ही खांदे आणि मान बसवून घ्यावी. मग तयार झालेली कंबर खालून टेकवून दोरा वर ओढावा, रिंगेचा वरचा फासा खुंटीवरून पलीकडे न्यावा आणि दोरा एका टोकाने ओढून काढून घ्यावा. गाठ न मारण्याचे कारण हेच. डाव्या हाताचा अंगठा कमरेवर दाबून ठेवावा, कारण या वेळी रिंग कंबर वर खेचत असते आणि अंगठा उचलला की खुंटीवरून निसटते.

दुसरा अर्धा भाग वर ठेवताना बळ लावू नये. सगळे जागेवर असेल तर तो नुसत्या बोटाच्या दाबाने बसतो आणि बगलेखालची फट पूर्ण मिटते. फट राहिली असेल तर रिंग दोन भागांच्या मध्ये चिमटली गेली आहे किंवा खांद्याची चकती तिरपी आहे, हे निश्चित समजावे. स्क्रू आवळून ही फट मिटवण्याचा मोह होतो. तसे केल्याने छातीला उभी चीर जाते, आणि तिच्यावर इलाज नाही.

स्क्रू बसवण्याचीही एक रीत आहे. तो भोकात ठेवून आधी उलटा, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने, सावकाश फिरवावा. एका ठिकाणी तो किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. त्या क्षणी जुने आटे जुळलेले असतात आणि तेथून सुलट फिरवला की स्क्रू विनासायास आत जातो. थेट सुलट फिरवल्यास तो प्लास्टिकमध्ये नवे आटे पाडतो, आणि दोन-तीन दुरुस्त्यांनंतर खुंटीत पकडच उरत नाही. हात खांद्यातून फिरतो, पण सोडल्यावर लोंबत नाही, इतपत आवळून थांबावे.

आता छातीला धरून फिगर उचलावी. पाय न लोंबता जागेवर राहिले पाहिजेत, आणि बसवल्यावर मांडी काटकोनात टिकली पाहिजे. कंबर वळवून सोडल्यावर आपोआप एका बाजूला परत फिरत असेल तर रिंगेला आत पीळ पडला आहे. कंटाळा न करता उघडून सरळ करावी. ढिलेपणा वाटला तर एक माप लहान रिंग घालावी, परंतु ती घालण्याआधी दोनदा विचार करावा. दोन मांड्यांच्या मधोमध कमरेच्या तुकड्याला प्लास्टिकचा अरुंद पूल असतो. जरुरीपेक्षा घट्ट रिंग पायांना त्या पुलावर सतत दाबत राहते, आणि पाय बाजूला फाकवताच तो कट्‌कन तुटतो. थोडा ढिला जी.आय.जो चालतो. तुटलेल्या कमरेचा चालत नाही, आणि सुटी कंबर शोधणे हा वेगळाच उपद्व्याप आहे.

नंतरची निगा

पिवळे पडलेले पांढरे प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्यास उजळते. तरीही मी ते करत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. पिवळेपणा कालांतराने परत येतो, प्लास्टिकची उमर मात्र कमी होते, आणि चाळीस वर्षांच्या वस्तूने नवीकोरी दिसावे हा हट्टच मला पटत नाही.

बंदूक हातात देताना मूठ आधी कोमट पाण्यात धरावी. अंगठा हा या फिगरचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि जाड मुठीची शस्त्रे त्याच्या मुळावर उठलेली असतात. प्रदर्शनात मांडतानाही शस्त्र हातात कायम ठेवू नये, शेजारी ठेवावे. फिगर सरळ उभी किंवा आडवी ठेवावी. जीपमध्ये वा विमानात महिनोन् महिने बसवून ठेवल्यास रिंग एकाच बाजूला ताणली जाते. माळा उन्हाळ्यात तापतो, म्हणून डबा कपाटात आणावा, पावसाळ्यात त्यात सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि मऊ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, कारण त्या कालांतराने रंगाला चिकटतात. उरलेल्या रिंगा त्याच डब्यात, पण वेगळ्या कागदी पाकिटात, माप लिहून ठेवाव्यात.

ज्यांच्याकडे परदेशातून कोणी आणलेला 1984 चा झार्टान, म्हणजे याच मालिकेतला रंग पालटणारा खलनायक, असेल त्यांनी एवढे आणखी पाहावे. त्याची कातडी उन्हात निळी पडते आणि सावलीत पूर्ववत होते, पण हा गुण प्रत्येक उन्हाबरोबर थोडा थोडा झिजतो. घरातल्या मुलांना दाखवायचाच असेल तर मिनिटभर खिडकीशी धरावा आणि रंग पालटताच आत घ्यावा.