‘सिक्युरिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादाच्या कामाला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. एका बँकेचा कर्जकरार हाती आला. त्यात एक कलम होतं, की कर्जदाराने बँकेचं समाधान होईल अशी सिक्युरिटी द्यायची. मी लिहून टाकलं, ‘कर्जदाराने बँकेचे समाधान होईल अशी सुरक्षा पुरवावी.’ आमच्याकडे फायली तपासायला बँकेतून निवृत्त झालेले एक काका यायचे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, “म्हणजे कर्जदाराने दंडुका घेऊन बँकेच्या दारात उभं राहायचं का गं?” सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, कान मात्र तापले होते.

काकांनी पेन्सिलीने दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘तारण द्यावे’.

खरं तर नाशिकरोडला वाढलेल्या मुलीने तरी ही चूक करायला नको होती. आमच्याकडे इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, १९२५ पासूनची. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट तिथे छापतात. नोटांचा छापखाना वेगळा. गेटवर बंदूकवाले जवान असतात म्हणून ती ‘सिक्युरिटी’ प्रेस, अशी आम्हा पोरांची पक्की समजूत. हिंदी नाव ‘भारत प्रतिभूति मुद्रणालय’. इतक्यांदा वाचलं, पण यात सुरक्षा कुठे आहे असं कधी मनात आलं नाही. नावातली सिक्युरिटी गेटवरच्या जवानांची नव्हती, आत छापल्या जाणाऱ्या मोलाच्या कागदांची होती. हे कळायला मला पोटापाण्याला लागावं लागलं.

अनुवादात नव्याने येणारी मुलं मला विचारतात, की ताई, कुठले शब्द जास्त छळतात? त्यांना वाटतं, मी काहीतरी अवघड शास्त्रीय नावं सांगेन. अवघड शब्दांचं काही नसतं, ते कोशात सापडतात. छळतात ते सोपे, रोजचे, आपल्याला येतात असं वाटणारे शब्द. त्यात सिक्युरिटीचा नंबर वरचा.

हा शब्द लॅटिनमधून आला. ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी; दोन्ही मिळून बिनघोर. हे वाचल्यापासून माझी कामाची पद्धतच बदलली. वाक्यात सिक्युरिटी दिसली, की मराठी शब्द शोधायच्या आधी मी विचारते, इथे घोर कुणाला लागलाय आणि कशाचा? कर्जकरारात घोर बँकेला, पैसे बुडतील याचा. म्हणून तारण. भाडेकरारात घोर घरमालकाला, भाडं थकेल, भिंती खराब होतील याचा. म्हणून अनामत, म्हणजे बोलीतलं डिपॉझिट. ‘जॉब सिक्युरिटी’त घोर नोकरदाराला, म्हणून नोकरीची शाश्वती. लग्न जमवताना मुलीचे वडील “मुलगा पर्मनंट आहे ना?” विचारतात तेही हेच. आणि गंमत बघा, आपलं ‘तारण’ही ‘तारणे’ वरूनच आलं. देव तारी त्याला कोण मारी, त्यातलंच हे तारणं. मराठीने ही वाट आपली आपणच शोधली होती, आणि मी ‘सुरक्षा’ लिहून बसले होते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते बँकांच्या जाहीर नोटिशींनी. थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा २००२ चा कायदा आहे, सरफेसी म्हणतात तो. बँक आधी कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस देते. पैसे आले नाहीत तर मालमत्तेचा ताबा घेते. ताब्याची सूचना जागेवर चिकटवायची आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, असा नियम आहे. म्हणून मराठी पेपरांत त्या बारीक टायपाच्या चौकटी दिसतात आणि म्हणून आमच्यासारख्यांना काम मिळतं. ‘ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार हे’ अशी सुरुवात असलेली चौकट तुम्हीही कधीतरी पाहिली असेल, आणि दुसऱ्या ओळीला सोडून दिली असेल.

नव्या माणसाला बहुधा याच नोटिशी पहिल्यांदा देतात, कारण मजकूर ठरलेला असतो. नाव, रक्कम, गट नंबर तेवढे बदलायचे. मलाही एक जुना नमुना दिला होता. त्यात ‘सिक्युअर्ड ॲसेट’ला, म्हणजे तारण ठेवलेल्या मालमत्तेला, ‘सुरक्षित मालमत्ता’ आणि ‘सिक्युअर्ड क्रेडिटर’ला, म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकेला, ‘सुरक्षित धनको’ लिहिलेलं. मी तो नमुना महिनाभर डोळे झाकून चालवला. मग एक दिवस एक लिलावाची नोटीस करताना स्वतःचंच वाक्य मोठ्याने वाचलं: ‘आपली सुरक्षित मालमत्ता जाहीर लिलावाने विकण्यात येईल.’ सुरक्षित आहे आणि विकली जाणार! हे तर सोडाच, आधीच्या ताब्याच्या सूचनेच्या तळाशी कलम १३(८)ची ओळ असते. थकबाकी खर्चासह भरून मालमत्ता परत मिळवायला कर्जदाराला अजून वाव आहे, त्या मुदतीकडे त्याचं लक्ष वेधायची ही ओळ. आमच्या नमुन्यात ती ‘सुरक्षित मालमत्तेच्या विमोचनार्थ उपलब्ध कालावधीसंदर्भात’ अशी होती. ज्याचं घर जातंय त्याच्या कामाची हीच एक ओळ, आणि ती त्यालाच कळू नये? मी ती ‘तारण मालमत्ता सोडवून घेण्यासाठी असलेल्या मुदतीकडे’ अशी केली. गहाण सोडवणं आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतं. बँकेच्या वकिलांनी कुरकुर केली, चार दिवस मेल चालले, शेवटी ‘तारण’ पास झालं. ‘विमोचन’ मात्र कंसात का होईना, त्यांनी ठेवायला लावलंच.

कायद्याचं इंग्रजी नाव देवनागरीत जसंच्या तसं लिहिण्याची या नोटिशींमधली पद्धत विचित्र वाटते, पण तिथे हात लावू नका. कोर्टात नाव जुळावं लागतं. आणि तळाला ‘शंका असल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य’ ही ओळ असतेच. ती खरं म्हणजे अनुवादकाची सिक्युरिटी.

शेअर बाजाराकडे वळलं की अनेकवचन येतं आणि घोळ वाढतो. सिक्युरिटीज म्हणजे रोखे, हे अर्धंच खरं. १९५६च्या रोखे करारविषयक कायद्याच्या व्याख्येत शेअर, बाँड, डिबेंचर सगळं येतं. पण मराठी वाचकाला ‘रोखे’ म्हटलं की कर्जरोखे किंवा सरकारी रोखे आठवतात, शेअर आठवत नाहीत. म्हणून गुंतवणूकदारांसाठीच्या पत्रकात मी पहिल्यांदा ‘समभाग, कर्जरोखे इत्यादी’ असं उलगडून लिहिते. कायदेशीर मजकुरात ‘प्रतिभूती’ चालते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नावातली ‘एस’ हीच, पण ‘सेबी’ म्हणूनच ती सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण नाव घालून वाचकाला दमवू नका.

पोलिसांच्या कागदांत तिसरंच रूप भेटतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं आठवं प्रकरण शांतता राखण्यासाठी आणि चांगल्या वर्तणुकीसाठी घ्यायच्या सिक्युरिटीचं होतं. कलम १०७, ११० वगैरे. त्यावरून ‘चॅप्टर केस’ हा शब्द रूढ झाला. निवडणूक आली, गणपती आले की “त्याच्यावर चॅप्टर केली” हे ऐकू येतं. इथे घोर पोलिसांना, हा माणूस काहीतरी करेल याचा. आणि त्याने द्यायचं ते बंधपत्र, जामीन. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. १०७चं १२६ झालं, ११०चं १२९. कायद्याच्या नावातच आता ‘सुरक्षा’ आहे, तेव्हा आतल्या सिक्युरिटीला ‘सुरक्षा’ लिहिण्याचा मोह आणखी वाढलाय. तो आवरा.

आता मराठीची स्वतःची अडचण सांगते, कारण तीच सगळ्यात चिवट आहे. इंग्रजीत सेफ्टी वेगळी, सिक्युरिटी वेगळी. आपण दोन्हींना सुरक्षा म्हणतो. २०१३चा कायदा, ज्याखाली रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, तो राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात येऊन तेल, पनीर तपासणारा तो अन्न सुरक्षा अधिकारी. त्याचा कायदा २००६चा. एक पोटाला मिळेल का याचा घोर, दुसरा खाल्लेलं बाधेल का याचा. मराठीत एकच शब्द! एका संस्थेच्या अहवालात मी दोन्हींना ‘अन्न सुरक्षा’ लिहिलं, आणि रेशन दुकानांवरच्या प्रकरणात स्वच्छ भांड्यांचा फोटो लागला. चूक फोटो लावणाऱ्याची नव्हती. आता कायद्याचं नाव आहे तसं ठेवते, पण पुढच्या मजकुरात एकीकडे ‘अन्नाची हमी’ आणि दुसरीकडे ‘निर्धोक अन्न’ असं सोडवून लिहिते.

याहून कडी म्हणजे ‘राष्ट्रीय सुरक्षा परिषद’. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची, १९९८ मध्ये झालेली तीही हीच. आणि कारखान्यांतल्या अपघातांसाठी काम करणारी, ४ मार्च १९६६ ला स्थापन झालेली, नवी मुंबईत मुख्यालय असलेली तीही हीच. एक सीमेची काळजी करते, एक यंत्रात बोट जाऊ नये याची. ४ मार्चचा ‘राष्ट्रीय सुरक्षा दिन’ वाचून शाळेच्या फलकावर रणगाडा काढलेला मी पाहिलाय.

कारखान्यातल्या लोकांना मात्र ही अडचण कधीच आली नाही. सातपूर एमआयडीसीत एका कंपनीच्या सूचनाफलकांचं काम होतं, तिथे एका कामगाराने मला दोन वाक्यांत फरक सांगितला: “सेफ्टीवाला आत जाताना हेल्मेट बघतो. सिक्युरिटीवाला बाहेर येताना डबा बघतो.” एवढं नेमकं मला कुठल्या कोशात मिळालं नाही. त्या फलकांवर मी ‘सेफ्टी शूज’, ‘सिक्युरिटी गेट’ असंच देवनागरीत लिहिलं. ‘सुरक्षा पादत्राणे’ कुणी घालत नाही.

सबटायटलचं काम करायचं असेल तर आणखी एक. ‘ही इज इनसिक्युअर’ला ‘तो असुरक्षित आहे’ लिहू नका, त्याच्या मागे गुंड लागल्यासारखं वाटतं. ‘त्याला स्वतःचाच भरवसा नाही’ म्हणा, किंवा प्रसंग हलका असेल तर ‘धाकधूक आहे त्याच्या मनात’. अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या तोंडी ‘सोशल सिक्युरिटी नंबर’ आला तर तो तसाच ठेवा. ‘सामाजिक सुरक्षा क्रमांक’ तिथलं कुणी बोलत नाही. सॉफ्टवेअरच्या मजकुरात ‘सुरक्षा’ बहुतेक ठिकाणी चालून जाते, तिथे फार डोकं घालू नका. फक्त ‘सिक्युरिटी पॅच’चं ‘सुरक्षा ठिगळ’ करू नका. हसू नका, केलंय एकाने.

साधनांबद्दल थोडं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन फुकट बघता येतात. शासन व्यवहार कोश आणि न्याय व्यवहार कोश आधी उघडा. पण कोशात स्वल्पविराम देऊन पर्याय मांडलेले असतात, निवड तुमची तुम्हालाच करायची असते. केंद्रीय कायद्याचा मराठी प्राधिकृत पाठ, म्हणजे सरकारमान्य अनुवाद, छापलेला असेल तर त्यातला शब्द आवडो न आवडो, तोच घ्या. १९७३चा त्यासाठी स्वतंत्र कायदाच आहे. निविदांसाठी त्याच खात्याची जुनी मराठी निविदा मागून घ्या. ‘बयाणा रक्कम’ आणि ‘सुरक्षा अनामत’ ही जोडी तिथे ठरलेली असते. पहिली निविदा भरताना द्यायची, दुसरी काम मिळाल्यावर. या दोन्हींची अदलाबदल केलीत तर कंत्राटदार थेट तुम्हाला फोन करतो.

स्वतःची शब्दसूची पहिल्या दिवसापासून ठेवा. मी एक्सेलमध्ये ठेवते. पहिल्या रकान्यात सुटा शब्द लिहीत नाही, अख्खं वाक्य लिहिते. दुसऱ्यात ‘घोर कुणाला’. तिसऱ्यात वापरलेला शब्द, चौथ्यात वाचक कोण. सिक्युरिटीच्या माझ्या आजवर एकवीस ओळी झाल्यात.

हल्ली यंत्राने केलेला अनुवाद तपासून द्यायचं काम जास्त येतं. दर कमी, आणि गिऱ्हाईक म्हणतं, “नुसती नजर फिरवा.” नजर नंतर फिरवा. आधी फाईलमध्ये ‘सुरक्ष’ एवढीच अक्षरं शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबा. निम्म्या चुका तिथेच हाताला लागतात. आणि दर ठरवताना हे थांबण्याचे पैसे धरा. मी पहिली दोन वर्षं धरले नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीला मी एका निविदेतलं वाक्य दिलं: ‘द सिक्युरिटी एजन्सी शॅल फर्निश सिक्युरिटी इन द फॉर्म ऑफ गव्हर्नमेंट सिक्युरिटीज.’ तिने चहा गार होईपर्यंत डोकं खाजवलं. मग कागद आणून ठेवला: ‘सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या संस्थेने अनामत सरकारी रोख्यांच्या स्वरूपात भरावी.’ मी ‘भरावी’ खोडून ‘द्यावी’ केलं, रोखे काय भरायचे असतात? ती हळूच म्हणाली, “ताई, पण अनामत भरतातच की.” मी ‘द्यावी’ खोडलं आणि फाईल पुढे पाठवली.