गुन्हेगार घराण्यातील गुप्तहेर नायिका कशी उभी करावी

मराठवाड्यात घडणारी रहस्यकथा रचताना आधी नायिकेचे घराणे पक्के करावे आणि मगच गुन्ह्याकडे वळावे. समजा, लातूरच्या आडत बाजारात तिचे वडील चोरीचे सोयाबीन खपवत असत. उसवून पुन्हा शिवलेले पोते तिला नुसत्या टाक्यांवरून ओळखू येते, कारण लहानपणी वडिलांच्या हाती दाभण आणि सुतळी तीच देत असे. तपासाचा धागा असा घरातूनच यावा आणि तो वापरताना तिला लाज वाटावी. माझ्या मते कादंबरीचा जीव या लाजेतच असतो.

कायद्याची बाजू मात्र चोख ठेवावी. खासगी गुप्तहेराला आपल्याकडे पोलिसांचे अधिकार नसतात, त्यामुळे तिला नुसत्या संशयावरून कुणाला अटक करता येत नाही, आणि एखाद्याच्या फोन कॉलचा तपशील तिने परस्पर मिळवला तर तीच गोत्यात येते. १ जुलै २०२४ पासून पुढे घडलेल्या खुनाला कलम ३०२ नव्हे, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. शेवटचा पुरावा वडिलांपर्यंत पोहोचत असेल, तर तो उलगडा पोलीस ठाण्यात न करता स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना करावा.