संशोधनासाठी मेंदू-मणक्याचे एमआरआय कसे तयार करावेत

एथिक्स कमिटीची परवानगी आधी, स्कॅनच्या सीडी गोळा करणं नंतर. पुण्यात एकाच रुग्णाचे स्कॅन दोन-तीन सेंटरवर झालेले असतात, कुठे १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद), कुठे ३. मशीन आणि स्लाइसची जाडी नोंदवा, नाहीतर मशीनमधला फरक आजाराचा म्हणून मोजला जाईल.

डायकॉम फाइलमधून (स्कॅन ज्या स्वरूपात साठवतात ती फाइल) नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक काढा. फोल्डरचं नावही तपासा, आडनाव तिथे हमखास राहून जातं. डोक्याच्या स्कॅनमधला चेहराही पुसा, कारण १ मिलिमीटर जाडीच्या टी-वन (एमआरआयचा एक प्रकार) स्कॅनवरून नाक-डोळे पुन्हा उभे करता येतात. पुसताना मेंदूचा पुढचा भाग कापला गेला नाही ना, हे स्वतः बघा.

मणक्यात खरी गडबड क्रमांकाची. काहींना कमरेत पाचाऐवजी चार किंवा सहा मणके असतात. म्हणून खालून मोजू नका. पूर्ण मणक्याच्या लोकलायझरवर (सुरुवातीला काढलेलं ढोबळ चित्र) सी-टूपासून, म्हणजे मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून, खाली या.

मानेच्या उभ्या छेदात मज्जारज्जूच्या मधोमध टी-टूवर (एमआरआयचा दुसरा प्रकार, यात पाणी पांढरं दिसतं) पांढरी रेघ दिसली, तर लगेच सिरिंक्स (मज्जारज्जूतली पाण्याने भरलेली पोकळी) लिहू नका. ती गिब्स आर्टिफॅक्ट, म्हणजे चित्र तयार होताना उमटलेली खोटी रेघ, असू शकते. आडव्या छेदातही ती दिसते का, ते आधी तपासा.