सोंगणीतही टिकेल असाच प्रोग्राम धरा

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. टिनाच्या शेडमध्ये मी वजन उचलायचा एक बार, स्टँड, बेंच आणि थोड्या प्लेटा टाकून ठेवल्या आहेत. संध्याकाळी पोट्टे येतात, निम्मे पोलीस भरतीवाले. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये वेगळा प्रोग्राम: सोमवारी छाती, मंगळवारी बायसेप, असे सहा दिवस. मी एवढंच विचारतो, "बावा, सोयाबीन सोंगणीला आलं की यातले किती दिवस येशील?" मग तो मोबाइल खिशात ठेवतो.

नवख्यानं आठवड्यात तीनच दिवस धरावेत, मध्ये एकेक दिवस सोडून. एका दिवशी स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच प्रेस (बेंचवर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) आणि वाकून ओढायचा रो. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, डोक्यावरची प्रेस आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं). पुढे हेच आलटून पालटून. प्रत्येकाचे पाच-पाच रेपचे, म्हणजे पाच-पाच वेळा उचलायचे, तीन सेट, डेडलिफ्टचा मात्र एकच. बायसेपची हौस असेल तर शेवटी दहा मिनिटं, मी अडवत नाही.

सुरुवात रिकाम्या बारनं. मोठा बार २० किलोचा असतो म्हणतात, पण तालुक्याहून आणलेला बार एकदा धान्याच्या काट्यावर ठेवून पाहाच. पाचही रेप नीट निघाले की पुढच्या वेळी २.५ किलो वाढवायचे, म्हणजे दोन्हीकडे सव्वा-सव्वा. या छोट्या प्लेटा आधी घ्या; त्या नसल्या की पोट्टे एकदम पाच वाढवतात आणि प्रेस दुसऱ्याच हप्त्यात अडकते. एकाच वजनावर सलग तीनदा अडकलात तर दहा टक्के उतरवा आणि पुन्हा चढत या. प्रोग्राम बदलू नका. पंधरा दिवसांत नवा प्रोग्राम म्हणजे पाऊस असतानाही दुबार पेरणी. निदान तीन महिने एकच चालवा.

गावातले म्हातारे म्हणतात, दंड-बैठका मारा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, तेव्हा म्हाताऱ्यांचं ऐकावं लागतं. मी वॉर्मअपला दंड-बैठकाच घेतो. पण बारवर कालच्यापेक्षा आज किती जास्त उचललं ते आकड्यात दिसतं, म्हणून वही ठेवा. तारीख, वजन, रेप. बाकी काही लिहू नका.

आता खरी अडचण. सोंगणी, कापसाचा वेचा, चण्याच्या ओलितासाठी रात्रीची लाईन. अशा हप्त्यात दोनच दिवस या, स्क्वॉट आणि प्रेस करा, अर्ध्या तासात घरी. वजन वाढलं नाही तरी चालेल. पंधरा दिवस पूर्ण सुटलं तर दहा-पंधरा टक्के कमी करून सुरू करा. "जुनंच वजन लाव" म्हणणाऱ्या मित्राला बाहेर बसवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टिनाच्या शेडमध्ये पहाटे पाचलाच आटपायचं.

फवारणीच्या दिवशी बारला हात लावायचा नाही. यात मी कोणाचं ऐकत नाही. पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन दिवस गेलेला असतो, अंगावर औषध उडालेलं असतं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. साबणानं आंघोळ करा, जेवा, झोपा.

खाण्याला प्रोटीन पावडरचे डबे लागत नाहीत. शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं. दुकानातल्या कोरड्या सोयावडीत निम्मं वजन प्रोटीनचंच असतं. वरून तुरीचं वरण, फुटाणे, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी.

भरतीवाल्यांनी १६०० मीटरचा सराव स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी जोरात करू नये, पाय उचलत नाहीत. मैदानी चाचणीची तारीख आली की शेवटचे दोन हप्ते वजन निम्मं करा आणि तो वेळ ७.२६ किलोच्या गोळ्याला द्या. आणि शेडमध्ये एकटे असाल तर बेंचवर बारला प्लेटा अडवायच्या क्लिपा लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेटा खाली सोडता येतात.