नोंद कशी ठेवायची: वॉर्डात, कोडमध्ये आणि मोजकेच बोलणारे उरलेल्या भाषेत

१९८६ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या टायलरच्या एका कॅन्सर सेंटरमध्ये थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनच्या स्क्रीनवर मेसेज आला, "मालफंक्शन ५४". ऑपरेटरजवळ जो कागद होता त्यावर ५४ चा अर्थ एवढाच की "डोस इनपुट २", बास. ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये या कोडबद्दल काही नाही. मशीन एरवीही सारखे असले मेसेज दाखवायचं आणि पी दाबलं की पुढे चालायचं, म्हणून याही वेळी पी दाबलं गेलं आणि आधीच भयंकर डोस बसलेल्या पेशंटला पुन्हा एकदा तेवढाच तडाखा बसला. डोस इनपुट २ म्हणजे डोस एकतर खूप जास्त गेलाय किंवा खूप कमी, हे कंपनीकडून नंतर कळलं. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, कागदाने तो काही दुरुस्त झाला नसता, हे मान्य. पण थांबायचं की बटण दाबायचं हे ठरवायला त्या ऑपरेटर बाईला एक वाक्य पुरलं असतं आणि तेच कुणी लिहिलं नव्हतं. १९८५ ते ८७ मध्ये या मशीनमुळे असे सहा अपघात झाले, त्यातले काही पेशंट दगावले.

डॉक्युमेंटेशन म्हटलं की लोकांना जांभई येते, म्हणून मुद्दाम इथून सुरुवात केली. आता कामाचं बोलू. हॉस्पिटलची फाइल, सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन आणि एखाद्या लहान भाषेच्या नोंदी या तीन गोष्टी वरवर बघता एकमेकींच्या आसपासही नाहीत, पण चांगली नोंद तिन्हीकडे एकाच कारणाने चांगली असते असं माझं पक्कं मत झालंय. ते कारण म्हणजे लिहिणाऱ्याने ऐकलेलं, स्वतः पाहिलेलं आणि स्वतःचा अंदाज या तीन गोष्टींची खिचडी केलेली नसते.

आधी तीन ढीग करा

डॉक्टर मंडळींकडे याची तयार पद्धत आहे. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात पेशंटची फाइल प्रॉब्लेमनुसार लिहायची पद्धत मांडली, त्यातून सोप नोट आली. एस म्हणजे पेशंट काय सांगतोय, ओ म्हणजे तपासताना काय दिसलं किंवा मोजलं, ए म्हणजे मला काय वाटतं आणि पी म्हणजे आता काय करायचं. उदाहरणार्थ:

एस: दोन दिवस घसा दुखतोय, गिळताना त्रास, खोकला नाही म्हणतो.
ओ: ताप १०१ फॅरनहाइट, टॉन्सिल लाल, पांढरे ठिपके नाहीत.
ए: बहुधा व्हायरल.
पी: पॅरासिटामॉल, ४८ तासांत ताप उतरला नाही तर पुन्हा दाखवायचं.

आता समजा इथे नुसतं "व्हायरल थ्रोट, औषध दिलं" असं लिहिलं असतं, तर परवा ताप चढल्यावर दुसऱ्या डॉक्टरला कळलंच नसतं की ठिपके नव्हते म्हणून व्हायरल म्हटलं की बघितलेच नव्हते. अंदाज चुकला तर हरकत नाही हो, अंदाज चुकतातच, पण तो कशावरून बांधला ते समोर असलं तर पुढचा माणूस सरळ तिथून काम सुरू करू शकतो.

बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची तक्रार, लिहिताना अगदी हेच करा. युजरने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, मग तुम्ही स्वतः चालवून काय दिसलं ते (व्हर्जन, पायऱ्या, एरर मेसेज जसाच्या तसा कॉपी, आठवून नाही), मग अगदी शेवटी "मला वाटतं कॅशचा घोळ असावा" (कॅश म्हणजे इथे पैसे नव्हे, पटकन मिळावी म्हणून तात्पुरती साठवलेली माहिती). "कॅशचा घोळ आहे" एवढंच लिहून टिकेट टाकणारे लोक प्रत्येक टीममध्ये असतात आणि त्यांच्या त्या एका वाक्यापायी दुसरं कुणीतरी दिवसभर कॅश उकरत बसतं.

भाषेच्या कामात निकोलाउस हिमेलमान या भाषाशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये हाच भेद स्पष्ट मांडला की भाषेचं डॉक्युमेंटेशन वेगळं आणि भाषेचं वर्णन वेगळं. रेकॉर्डिंग, त्याचं लेखन, भाषांतर हे डॉक्युमेंटेशन, व्याकरण हे वर्णन, म्हणजे अभ्यासकाने काढलेला निष्कर्ष. व्याकरण पन्नास वर्षांनी जुनं वाटेल, थिअरी बदलेल, पण आजी नातवाला रागावतेय ते रेकॉर्डिंग जुनं होत नाही.

आकड्यासोबत त्याचं एकक

हे पटकन उरकतो. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनची एक यादी आहे, काय लिहायचं नाही याची. युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू लिहायचं नाही, घाईच्या अक्षरात ते शून्य किंवा ४ दिसतं आणि इन्सुलिन दहापट जातं. १ मिलिग्रॅमला १.० लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की १० होतात. उलट अर्ध्याला .५ लिहायचं नाही, ०.५ लिहायचं. सॉफ्टवेअरवाल्यांनी हसू नये, सप्टेंबर १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बायटर हे नासाचं यान नष्ट झालं ते एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन सेकंद समजून वापरत होती म्हणून. मेट्रिक वापरायचं हे कागदावर ठरलेलं होतं बरं का! पण फाइलमधल्या आकड्याला स्वतःचं एकक चिकटलेलं नव्हतं. म्हणून व्हेरिएबलचं (कोडमध्ये आकडा ठेवायच्या जागेचं) नाव टाइमआउट ठेवू नका, टाइमआउट सेकंद ठेवा, लांबलचक वाटलं तरी चालेल.

खोडायचं नाही

कागदी केस पेपरवर चूक झाली तर त्यावर एकच सरळ रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख, वेळ, सही. व्हाइटनर अजिबात नाही. उशिरा आठवलेली गोष्ट मध्ये कुठेतरी घुसडायची नाही, "उशिरा केलेली नोंद" असं स्पष्ट लिहून आत्ताच्या वेळेसकट खाली टाकायची. कोडमध्ये हे काम गिट (कोडमधला प्रत्येक बदल साठवणारं सॉफ्टवेअर) आपोआप करतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण गिट फक्त काय बदललं ते सांगतं, का बदललं ते तुम्ही कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदल साठवताना जोडायच्या टिपेत, लिहिलं तरच. "फिक्स" एवढाच मेसेज असेल तर इतिहास असून नसल्यासारखाच.

कॉम्प्युटरवरच्या केस पेपरला एक वेगळाच रोग आहे, कॉपी-पेस्ट. कालची नोट उचलून आजच्या तारखेला चिकटवली की "पोट मऊ, दुखत नाही" हे वाक्य पेशंटचं पोट फुगलं तरी फाइलमध्ये रोज हजर असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं आज तपासलंय. कालचं लागणार असेल तर जरूर घ्या पण ते कालचं आहे असं लिहा.

सॉफ्टवेअरमध्ये काय लिहायचं

सगळं लिहायला जाल तर काहीच लिहून होणार नाही, आणि झालं तरी कुणी वाचणार नाही. माझ्या मते प्राधान्य असं: आधी रीडमी, म्हणजे कोडसोबतची पहिली वाचायची फाइल, ज्यात हे काय आहे, कसं चालवायचं आणि चाललं हे कसं ओळखायचं एवढंच. मग प्रत्येक एररचा अर्थ, आणि त्याच्यापुढे "आता तू काय कर". ५४ नंबरची गोष्ट आठवा. मग निर्णयांच्या नोंदी. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये यासाठी एक छोटा साचा सुचवला, आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, त्यात परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय, एका निर्णयाला एक लहान फाइल. मी त्यात कोणते पर्याय सोडले आणि का हेही टाकतो, कारण नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो "हे अमुक डेटाबेसवर का नाही?" आणि ज्यांनी ठरवलं ते तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात. निर्णय बदलला तर जुनी फाइल उडवायची नाही, नवी लिहायची आणि जुनीवर "रद्द, पाहा अमुक" असं टाकायचं. सरळ रेघ मारण्याचाच प्रकार.

अजून एक, शिकवणारं आणि शोधायला लागणारं एका पानावर कोंबू नका. डॅनिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस म्हणून मांडणी आहे, ती चार प्रकार सांगते: ट्यूटोरियल, काम कसं करायचं त्याची गाइड, रेफरन्स आणि समजावून सांगणारं लेखन. रात्री तीन वाजता सर्व्हर पडल्यावर उठलेल्या माणसाला तुमच्या सिस्टिमचं तत्त्वज्ञान नको असतं, त्याला कमांड हवी असते. आणि डॉक्युमेंटेशन कोडच्याच रेपोमध्ये (कोड साठवतात त्या जागी) ठेवा, कोड बदलणाऱ्या त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून घ्या अशा विनंतीत) ते बदललं पाहिजे. वेगळ्या विकीवर ठेवलेलं सहा महिन्यांत शिळं होतं, आणि शिळी माहिती नसलेल्या माहितीपेक्षा वाईट कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

भाषेची नोंद, जिथे दुसरी संधी नसते

इथे जरा थांबतो कारण याची माहिती सर्वात कमी लोकांना असते. पेशंटला पुन्हा तपासता येतं, कोड पुन्हा चालवता येतो, शेवटचा बोलणारा गेला की मात्र जे नोंदलं तेवढीच भाषा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची मायामी-इलिनॉय भाषा अस्खलित बोलणारे १९६०च्या दशकापर्यंत संपले होते. पण फ्रेंच जेझुइट मिशनऱ्यांनी काही शतकांपूर्वी हाताने लिहिलेले कोश आणि नंतरच्या अभ्यासकांच्या नोंदी शिल्लक होत्या, त्यावरून भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड कोस्टा यांनी व्याकरण जुळवलं आणि मायामी समाजातल्या डॅरिल बाल्डविन यांनी कागदावरून शिकून घरात मुलांशी ती भाषा बोलायला सुरुवात केली. कोश लिहिणाऱ्या मिशनऱ्यांचा हेतू काही निराळाच होता, पण नोंद कुणाच्या कामी येईल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं.

दुसरं उदाहरण जॉन हॅरिंग्टन. या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या भाषांच्या लाखो पानांच्या नोंदी केल्या. त्यातलीच एक मुत्सुन, ही भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती आसेन्सियोन सोलोर्सानो, त्यांच्याकडून हॅरिंग्टन यांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणातही शब्द टिपले, त्या १९३० मध्ये गेल्या. आज मुत्सुन समाज त्याच पानांवरून भाषा परत शिकतोय. उच्चार टिपण्यात हा माणूस कमालीचा काटेकोर, पण स्वभावाने संशयी, स्वतःचं काम इतरांपासून लपवून ठेवणारा, त्यामुळे ते गेल्यावर खोकीच्या खोकी ठिकठिकाणाहून गोळा करून लावायला इतरांची वर्षं गेली. म्हणजे कच्चा माल उत्तम आणि लेबलांची बोंब!

तुम्हाला स्वतः करायचं असेल तर असं करा. रेकॉर्डिंग वाव्ह फॉरमॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, एमपी३ नको कारण त्यात आवाजातले तपशील कायमचे गळतात. माइक तोंडाजवळ ठेवा, पंखा बंद. व्हिडिओ जमला तर उत्तम, हातवारे आणि नजर नुसत्या आवाजात येत नाहीत. सुरुवातीलाच स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण, कोण बोलतंय, कोणती भाषा आणि परवानगी घेतली का हे बोलून टाका, फाइलचं नाव हरवलं तरी माहिती आतच राहते. आणि नुसती शब्दांची यादी नको. हात, पाय, पाणी, सूर्य विचारून माणसं शंभर शब्द घेऊन घरी जातात, पण नकार कसा देतात, चिडवतात कसं, मूल रडलं की काय म्हणतात, हे यादीत कुठे येणार? दोन बोलणाऱ्यांना एकमेकांशी बोलू द्या आणि तुम्ही गप्प बसा.

मग ईलॅन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटचं, त्यात आवाजाला वेळेनुसार जोडून एका ओळीत ऐकू आलं ते, दुसऱ्यात शब्दशः अर्थ, तिसऱ्यात मोकळं भाषांतर असं लिहिता येतं. परत तेच तीन ढीग. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने शब्द भरू नका, कारण पुढे तो अंदाजच भाषेचा शब्द म्हणून कोशात जाऊन बसतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात, आणि शक्य असेल तर पॅराडिसेकसारख्या (लहान भाषांची रेकॉर्डिंग जपणाऱ्या) अर्काइव्हमध्ये.

काय लिहायचं नाही

रीडमीमध्ये पासवर्ड नको, बग रिपोर्टच्या स्क्रीनशॉटमध्ये पेशंटचं नाव नको (हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा होतं), केस पेपरवर "कटकट्या पेशंट" असले शेरे नकोत, तो माणूस काय बोलला ते लिहा. भाषेच्या रेकॉर्डिंगमध्ये काही गोष्टी, मंत्र, नावं फक्त समाजातल्या लोकांसाठी असतात, तर कुणाला ऐकवायचं हे बोलणाऱ्यालाच विचारा, आणि नंतर त्याने मन बदललं तर काय करायचं तेही आधीच ठरवून लिहा.

तपासायचं कसं

लिहून झालं की नवख्या माणसाला द्या आणि शेजारी बसून तोंड बंद ठेवा, हे सर्वात अवघड. तो जिथे अडेल तिथे खूण करा, आणि त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण एकदा कळल्यावर तो माणूस नवखा राहत नाही आणि तुम्हाला दुसरा शोधावा लागतो. वॉर्डात शिफ्ट बदलताना घेणाऱ्या नर्सने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, म्हणजे काय निसटलं ते तिथल्या तिथे कळतं. आणि भाषेचं रेकॉर्डिंग ज्यांचं आहे त्यांनाच परत ऐकवा, ते ऐकताना हसतील, एकमेकांना दुरुस्त करतील, "असं नाही म्हणत, ती तर त्या पलीकडच्या लोकांची पद्धत" असं सांगतील, तेव्हा दुसरा रेकॉर्डर चालू असू द्या.