शेतावरच्या घरासाठी बॅटरी बँक घेताय? आधी एवढी तयारी करा

जिथे लाइटचा खांब पोचलेला नाही तिथे सोलर पॅनल, बॅटरी बँक (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्या) आणि इन्व्हर्टर लावायचा तर दुकानात जायच्या आधी वही काढा, आणि घरात रात्रंदिवस काय काय चालणार, किती वॉटचं, किती तास, ते खरं खरं लिहा. दुकानदार विचारतो "किती रूम?" आणि त्यावरून बॅटरी काढून देतो, तो हिशोब नाही. समजा 9 वॉटचे 4 बल्ब 5 तास म्हणजे 180, बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दोन, 30 वॉटचे, 10 तास म्हणजे 600, 60 वॉटचा टीव्ही 3 तास 180, मोबाइल वगैरे 60, झाले 1020 वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये थोडं जळतं म्हणून याला 0.85 ने भागा, 1200. आता जे सगळे विसरतात ते, इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः खातो, 20 वॉट धरले तर दिवसाचे 480, म्हणजे दोन पंख्यांच्या जवळपास! एकूण 1680. ढगाळ हवेसाठी दोन दिवसांचा साठा हवा, 3360, आणि लेड अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही म्हणून दुप्पट, 6720. बँक 24 व्होल्टची धरली तर भागिले 24, 280 एएच (अ‍ॅम्पिअर-तास). म्हणजे 12 व्होल्ट 150 एएचच्या चार, दोन-दोन सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, म्हणजे 24 व्होल्ट) आणि त्या दोन जोड्या पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस, म्हणजे 300 एएच).

पण लगेच चार उचलू नका, आधी पॅनल बघा. माझं तर स्पष्ट मत आहे की बॅटऱ्या लहान पडून कमी मरतात, अर्धवट चार्ज राहून जास्त मरतात, प्लेटवर सल्फेट बसतं आणि मग कितीही चार्ज करा बॅकअप येत नाही. 300 एएचला साधारण 30 अ‍ॅम्पिअर चार्जिंग लागतं, म्हणजे 1 किलोवॉटच्या खाली पॅनल नकोतच. तेवढी पॅनल परवडत नसतील तर बँक छोटी करा आणि टीव्ही कमी बघा. कोकणात जून ते सप्टेंबर सलग झड लागली की दोन दिवसांचा साठा पुरतच नाही, तेव्हा छोटा जनरेटर किंवा सरळ काटकसर, चार महिन्यांसाठी बँक दुप्पट करणं मला तरी पटत नाही.

घेताना लेबल वाचा. 150 एएच लिहिलंय पण सी 10 की सी 20? सोलरवाली ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटची लेड अ‍ॅसिड बॅटरी) सी 10 ला मोजलेली असते, म्हणजे 15 अ‍ॅम्पिअरने 10 तास, घरगुती इन्व्हर्टरवाली सी 20 ला, म्हणजे साडेसात अ‍ॅम्पिअरने 20 तास, आकडा तोच पण माल कमी. गाडीची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, ती स्टार्टर मारायला असते, रोज खोलवर उतरवली की लवकर बसते. चारही एकाच बॅचच्या घ्या, जुनीला नवी जोडली की नवीही जुनीच्या वाटेने जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी परवडत असेल तर 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि पाणी घालायची कटकट नाही, पण चार्जरला ती सेटिंग आहे का ते आधी विचारा. आणि विहिरीची मोटर यावर टाकायचीच नाही, 1 एचपी म्हणजे 746 वॉट दिसते पण सुरू होताना चार-सहा पट करंट ओढते.

जागा हवेशीर हवी, चार्जिंगला हायड्रोजन निघतो, म्हणून देवघराच्या भिंतीला लागून नको आणि झोपायच्या खोलीत तर नकोच. बॅटरी 50-60 किलोची, दोन माणसं बोलवून ठेवा. वायर जाड आणि आखूड, 24 व्होल्टवर 1000 वॉट म्हणजे जवळजवळ 50 अ‍ॅम्पिअर, तिथे 25 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणि नीट दाबलेले लग (केबलच्या टोकाचे धातूचे कान). प्लस एका जोडीवरून काढा आणि मायनस दुसऱ्या जोडीवरून, नाहीतर एकच जोडी राबते. बॅटरीच्या प्लसजवळ डीसी फ्यूज लावा, घरातला एसीचा एमसीबी तिथे नको, डीसीची ठिणगी त्याने तुटेलच असं नाही. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, बोटातली अंगठी काढा, खायचा सोडा आणि बादलीभर पाणी हाताशी ठेवा.

चालू झाल्यावर लो-कट सेटिंग बघा, म्हणजे बॅटरी किती उतरल्यावर इन्व्हर्टर बंद होतो ते, बरेच इन्व्हर्टर 12 व्होल्टच्या एकेका बॅटरीला 10.5 व्होल्टपर्यंत ओढत राहतात, ते फार खाली झालं. लोड काढून बॅटरी थोडा वेळ शांत ठेवून मोजायची, 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) घ्या, फार महाग नाही, फुल चार्जला ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी, म्हणजे ती घनता, 1.240-1.250 यायला हवी आणि एकच सेल मागे पडत असेल तर तो तेव्हाच कळतो. पाणी डिस्टिल्डच आणि चार्ज झाल्यावरच घाला, आधी घातलं की चार्जिंगला उतू जातं. टर्मिनलला पेट्रोलियम जेली. घराला कुलूप लावून पुण्या-मुंबईला निघताना इन्व्हर्टर बंद करा पण सोलर चार्जर चालू राहू द्या.

बिलावर सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्डावर शिक्का तिथेच उभं राहून घ्या. आणि जुन्या बॅटरीला काय भाव देणार तेही त्याच वेळी विचारा, शिशाचे बऱ्यापैकी पैसे येतात. अ‍ॅसिड ओढ्यात ओतून रिकामी पेटी भंगारात देऊ नका, 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे कंपन्यांना जुना माल परत घ्यायची सोय करावी लागते.