डीएससीमधला तो लांबलचक नंबर: ओआयडी कोडमध्ये कसा हाताळायचा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही सीएच्या ऑफिसात फोन करू नये, आणि त्यांचा फोन आला तर तो उचलू नये असं वाटतं. टॅक्स ऑडिटची मुदत ३० तारखेला. आम्ही अंधेरीत बसून कागदपत्रांवर डिजिटल सही करण्याचं एक छोटं सॉफ्टवेअर बनवतो. ही सही डीएससीने, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटने होते, आणि ते डोंगल नावाच्या यूएसबी काडीत असतं. आदल्या रात्री नवीन व्हर्जन सोडलं होतं. सकाळी फोर्टमधल्या जुन्या ग्राहकाचा फोन: "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर आमच्या सगळ्या डोंगलना 'क्लास माहीत नाही' म्हणतंय. काल संध्याकाळपर्यंत चालत होतं."

चूक एका ओळीत होती. लिहिली होती आमच्याकडच्या नव्या मुलाने, आणि तपासून पास केली होती मी. सर्टिफिकेटमधून काढलेला पॉलिसीचा, म्हणजे सर्टिफिकेट कुठल्या दर्जाचं (क्लासचं) ते सांगणारा ओआयडी (ऑब्जेक्ट आयडेंटिफायर) "२.१६.३५६.१००.२.३" या मजकुराशी बरोबरीच्या दोन चिन्हांनी ताडून पाहिला होता. डावीकडे ऑब्जेक्ट, उजवीकडे स्ट्रिंग. पायथन अशा वेळी आरडाओरडा करत नाही, गुपचूप 'फॉल्स' म्हणतो. दोन्ही छापून पाहिले तर आकडे तंतोतंत तेच, म्हणून पोराने एक तास डोंगलच्या ड्रायव्हरवर संशय घेतला.

आता तो आकडा काय आहे ते बघू. ओआयडी म्हणजे मुळापासून फांदीपर्यंतचा पत्ता. मुळाशी तीनच फांद्या: ० आयटीयूची, १ आयएसओची (या दोन आंतरराष्ट्रीय मानक संस्था), २ दोघांची सामाईक. २.१६ खाली देश येतात आणि ३५६ हा आयएसओच्या यादीतला भारताचा क्रमांक. २.१६.३५६.१०० ही आपल्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजची, म्हणजे सीसीएची फांदी. तिच्याखाली २ मध्ये पॉलिसी, आणि त्यात ३ म्हणजे क्लास ३. चाळीच्या मालकाने आपल्या खोल्यांना नंबर देताना शेजारच्या चाळीला विचारावं लागत नाही, तसंच इथे. ज्याची फांदी त्याचे नंबर, आणि तरी जगात दोन पत्ते सारखे होत नाहीत.

पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत यासाठी एक्स५०९ मॉड्युलमध्ये ऑब्जेक्टआयडेंटिफायर नावाचा क्लास (हा पायथनचा, सर्टिफिकेटचा नव्हे) आहे. वापराचा माझा नियम साधा: बाहेरून स्ट्रिंग आली की दारातच तिचा ऑब्जेक्ट करायचा, आत सगळीकडे ऑब्जेक्टच फिरवायचा, आणि डेटाबेसमध्ये किंवा लॉगमध्ये लिहिताना त्याची डॉटेड_स्ट्रिंग घ्यायची. दोन ऑब्जेक्ट एकमेकांशी नीट ताडता येतात, डिक्शनरीची की म्हणूनही चालतात. आम्ही आता एकाच फाइलमध्ये वर नावं ठेवली आहेत, 'क्लास३_पॉलिसी' वगैरे, आणि बाकी कोडमध्ये कुठेही उघडा नंबर दिसला की मी तो परत पाठवते.

एक आपल्यासाठीच असलेली गंमत. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, ते तसेच उचलून कोडमध्ये डकवू नका. पायथनचा इंट देवनागरी '२' आनंदाने २ म्हणून घेतो, ऑब्जेक्टआयडेंटिफायर मात्र व्हॅल्यूएरर फेकतो. फेकतो तेच बरं.

पॉलिसी काढायची तर सर्टिफिकेटच्या एक्स्टेन्शन्सकडे (जोड-रकान्यांकडे) २.५.२९.३२ मागा. लायब्ररीत त्याला एक्स्टेन्शनओआयडीखाली सर्टिफिकेट_पॉलिसीज असं तयार नाव आहे. ते नसेल तर एक्स्टेन्शननॉटफाउंड येतं, ते पकडा. असेल तर आत यादी मिळते. पहिलाच घटक उचलून मोकळं होऊ नका, सगळी यादी फिरा आणि प्रत्येकाचा पॉलिसी_आयडेंटिफायर बघा. क्लास २ ची सर्टिफिकेट १ जानेवारी २०२१ पासून देणं बंद झालंय, पण त्याआधी सही केलेल्या पीडीएफ लोकांच्या कपाटात आहेतच. त्यामुळे पडताळणीच्या कोडमधून २.१६.३५६.१००.२.२ काढू नका. नवीन सहीला नको म्हणा, जुनी ओळखा.

फोर्टच्या प्रकरणात घाईघाईने सुचलेली पहिली दुरुस्ती तर मूळ चुकीहून वाईट होती. पोरगा म्हणाला, "ताई, दोन्हीकडे स्ट्रिंग करून स्टार्ट्सविथ लावू का?" मी थांबवलं. "२.१६.३५६.१००.२" ने सुरू होणाऱ्यांत २.१६.३५६.१००.२० पण येतो, आणि त्याचा पॉलिसीशी काही संबंध असेलच असं नाही. फांदी तपासायचीच असेल तर टिंबांवर तोडून तुकडे ताडा, किंवा निदान शेवटी टिंब लावून मग सुरुवात बघा. क्रम लावतानाही हेच, नाहीतर स्ट्रिंग म्हणून १० हा २ च्या आधी येतो.

बाइट्समध्ये हा पत्ता कसा बसतो ते एकदा हाताने केलं की भीती जाते. डीईआरमध्ये (सर्टिफिकेट बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) पहिले दोन आकडे एकत्र होतात: पहिला गुणिले ४०, अधिक दुसरा. २ गुणिले ४० अधिक १६, झाले ९६. पुढचा ३५६ एका बाइटच्या सात बिटांत मावत नाही, म्हणून १२८ ने भागायचं: भागाकार २, बाकी १००. मागे अजून बाइट आहे हे सांगायला पहिल्यात १२८ मिळवायचे, म्हणजे १३०, मग १००. उरलेले १००, २, ३ जसेच्या तसे. सगळ्यात आधी टॅग ६ (हा ओआयडी आहे हे सांगणारा) आणि लांबी ६ लावली की पूर्ण ओळ अशी: ६, ६, ९६, १३०, १००, १००, २, ३. क्लास ३ च्या डोंगलमधलं सर्टिफिकेट उघडून हे आठ बाइट शोधा, सापडतील.

स्वतः डीकोडर (बाइट्सवरून पत्ता परत काढणारा कोड) लिहिणारे बहुतेक जण इथे अडकतात: पहिल्या बाइटला ४० ने भागतात. मुळात २ असेल तर दुसरा आकडा ३९ च्या वर जाऊ शकतो, त्यामुळे ९६ चा भागाकार बरोबर २ येतो, पण १२० चा ३ येतो, आणि मुळाशी ३ ही फांदी अस्तित्वातच नाही. शिवाय हा जोड-आकडा एका बाइटचाच असतो असंही नाही. उदाहरणांसाठी राखलेली २.९९९ ही फांदी घ्या: ८० अधिक ९९९ म्हणजे १०७९, बाइट १३६ आणि ५५. तुमचा डीकोडर यातून सुखरूप बाहेर आला तर ठीक. खरं सांगायचं तर डीकोडर लिहूच नका, लायब्ररी आहे ना.

सर्टिफिकेटमधल्या नावांच्या बाबतीत दोन फसवणुका. गेट_ॲट्रिब्यूट्स_फॉर_ओआयडी यादी देतं, एक व्हॅल्यू नाही, आणि यादी रिकामीही असू शकते. दुसरी म्हणजे सब्जेक्टमधला (सर्टिफिकेट कुणाचं ते सांगणाऱ्या भागातला) २.५.४.५, ज्याचं नाव सिरीयल नंबर. हा सर्टिफिकेटचा सिरीयल नंबर नव्हे. आपल्याकडच्या वैयक्तिक डीएससीत तिथे पॅनचा हॅश (त्यावरून काढलेला ठसा) असतो. आमच्या एका रिपोर्टमध्ये कित्येक महिने हे दोन रकाने उलटे जात होते आणि कुणालाच कळलं नाही. नाव मजकुरात छापताना लायब्ररी मोजक्याच ओआयडींना सीएन, ओ, सी अशी अक्षरं देते, बाकीचे आकड्यातच दाखवते. ईमेलच्या जागी १.२.८४०.११३५४९.१.९.१ दिसलं तर सर्टिफिकेट बिघडलेलं नाही.

सहीच्या अल्गोरिदमचा ओआयडी बघून हॅश ठरवणारं टेबल कुणी बनवलं असेल तर ते पुसा. १.२.८४०.११३५४९.१.१.११ म्हणजे शा-२५६ सह आरएसए, इथपर्यंत टेबल चालतं. पण शेवटी १० असेल तर ते पीएसएस (आरएसए सहीचीच दुसरी पद्धत), आणि कुठला हॅश ते पॅरामीटर्समध्ये लिहिलेलं असतं. लायब्ररीला सरळ सिग्नेचर_हॅश_अल्गोरिदम विचारा.

ओपनएसएसएल लायब्ररीवर सी भाषेत काम करणाऱ्यांसाठी एवढंच: एनआयडी हा त्या लायब्ररीचा घरगुती क्रमांक आहे. ओबीजे_क्रिएटने केलेल्या नव्या ओआयडीला तो चालू प्रोग्राममध्ये मिळेल तसा मिळतो. डेटाबेसमध्ये एनआयडी साठवलात तर पुढच्या वेळी तो दुसऱ्याच कुणाचा निघेल.

स्वतःचं एक्स्टेन्शन हवं असेल तर आयएएनएकडून (इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडून) १.३.६.१.४.१ खाली कंपनीचा नंबर फुकट मिळतो, तो घ्या. टेस्टसाठी २.९९९ वापरा. आम्ही सुरुवातीला बेधडक १.२.३.४ टाकलं होतं, ते आता काढता येत नाही. त्या एक्स्टेन्शनची सर्टिफिकेट आमच्याच अंतर्गत सर्व्हरने वाटलीत आणि त्यातली शेवटची संपायला अजून दीड वर्ष आहे. तोपर्यंत कोडमध्ये त्या ओळीवर माझ्या नावाची कॉमेंट आहे, नव्या मुलाने आग्रहाने लिहायला लावलेली.